कवळी सैल झालीय, पण ती निसटते कधी?

"आजी, कवळी सैल आहे हे कळलं. पण ती निसटते कधी?"

नेरूळच्या एका डेंटल कॉलेजात खुर्चीवर बसलेल्या माझ्या आईला शिकाऊ डॉक्टर मुलीने हा प्रश्न विचारला आणि आई माझ्याकडे बघायला लागली. तीन वर्षं ती सांगत होती, हलते, टिकत नाही, लागते. कधी हलते, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. ठाण्यात आम्ही जिथे जायचो तिथे दर वेळी टोचणारी जागा घासून मिळायची, चिकटवायच्या पावडरीचं नाव मिळायचं आणि "या वयात एवढं चालायचंच" हे ऐकायला मिळायचं.

आई जरा थांबून म्हणाली, "खालची बोलताना उचलते. वरची जेवताना सुटते, तीही उजवीकडे चावलं की. आणि संध्याकाळी दोन्हीही."

त्या मुलीने तीन वेगळ्या ओळी लिहिल्या. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तिथे. आम्ही ज्याला एक दुखणं समजत होतो ती तीन दुखणी होती, आणि तिन्हींवर आम्ही एकच पावडर टाकत होतो. नंतरच्या काही महिन्यांत ठाणे ते नेरूळ अशा ट्रान्स हार्बर लोकलच्या फेऱ्या करताना, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजलं, ते इथे लिहिते आहे. आपल्याकडे घरोघरी बेसिनशेजारच्या वाटीत एक कवळी पडलेली असते, आणि तिच्या मालकांनी भाकरी कधी सोडली हे घरातल्या कुणालाच नीट आठवत नाही.

कवळी मुळात टिकते कशी

धुतलेली दोन स्टीलची ताटं ओली असतानाच एकात एक बसली की सहज सुटत नाहीत. मधे पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, तोच त्यांना धरून ठेवतो. कडेने नख घालून हवा आत गेली की ताटं लगेच सुटतात. वरची कवळी अशीच टिकते. टाळू आणि कवळी यांच्या मधे लाळेचा पातळ थर असतो. तो जितका पातळ आणि सलग, तितकी पकड चांगली. कडेने गाल आणि ओठ कवळीला बिलगून बसतात, त्यामुळे हवा आत शिरत नाही. मागची कड सर्वांत नाजूक. "आ" म्हटल्यावर टाळूचा जो मऊ भाग वर हलतो, त्याच्या सुरुवातीला ही कड किंचित रुतून बसावी लागते. कवळी बनवतानाच तिथे बारीकसा उंचवटा ठेवलेला असतो.

म्हणून, "मागे टोचतं, उलटी आल्यासारखं होतं, थोडी कापून द्या" असं सांगून वरची कवळी मागून आखूड करून घेतली की काही दिवस बरं वाटतं आणि मग ती खाली पडायला लागते. ताटाच्या कडेतून हवा आत गेलेली असते. घासायचं की नाही, किती आणि कुठे, हा निर्णय म्हणूनच मोठा आहे.

खालच्या कवळीचं नशीब वेगळं. तिला टाळू नाही. घोड्याच्या नालेसारखा आकार, वरच्या कवळीच्या साधारण निम्मीच जागा टेकायला, आणि मधोमध सतत हलणारी जीभ. उत्तम डॉक्टरांनी उत्तम माप घेऊन बनवलेली खालची कवळीसुद्धा वरच्या कवळीइतकी घट्ट बसत नाही. हे आईला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर "मलाच वापरता येत नाही" म्हणून ती इतकी वर्षं खंतावली नसती. मला याचं अजून वाईट वाटतं.

खालच्या कवळीला धरून ठेवायला जीभच शिकवावी लागते. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागे हलकं टेकलेलं असावं आणि तिच्या कडा कवळीच्या बाजूंवर सैल पसरलेल्या असाव्यात. कवळी निसटेल या भीतीने माणसं जीभ मागे ओढून धरतात. त्याने तोंडाचा तळ वर खेचला जातो, आणि ज्याची भीती तेच होतं. आईची बोलताना उचलणारी कवळी निम्मी तरी याच कारणाने उचलत होती. तिला रोज दहा मिनिटं पेपर मोठ्याने वाचायला सांगितलं, दर ओळीनंतर जीभ जागेवर आहे का ते बघायचं. पंधरा दिवसांत फरक दिसला. त्याला एक रुपयाही लागला नाही.

कवळी तीच आहे, तोंड बदललं

"बसवली तेव्हा छान होती, आता बिघडली." सगळे हेच म्हणतात. खरं तर कवळीचं ॲक्रिलिक, म्हणजे तिचं प्लॅस्टिक, फारसं बदलत नाही. त्याखालचं हाड बदलतं.

जबड्याच्या ज्या कडेवर दात उभे असतात तो भाग दातांसाठीच असतो. दात काढले की शरीर ते हाड हळूहळू परत काढून घेतं. डॉक्टर त्या उंचवट्याला रिज म्हणतात. मला भातशेतीतला बांध आठवतो. नांगरणी चालू असेपर्यंत दर वर्षी माती घालून बांध राखला जातो. शेत पडीक पडलं की पावसापावसाला तो खचत जातो. दात काढल्यानंतरच्या पहिल्या सहा महिने ते वर्षभरात ही झीज सर्वांत वेगाने होते, पण नंतरही थांबत नाही. टालग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांचा २५ वर्षांचा मागोवा १९७२ साली प्रसिद्ध केला. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा साधारण चौपट निघाली. म्हणजे ज्या कवळीला आधीच जागा कमी, तिच्याच पायाखालची जमीन जास्त सरकते.

म्हणून कवळी ही एकदा करून आयुष्यभर वापरायची वस्तू नाही. चष्म्याचा नंबर बदलतो हे आपण सहज मान्य करतो, मग कवळीच्या बाबतीत का नाही? वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवावी. दर दोनएक वर्षांनी आतून भरून घ्यावी लागू शकते, आणि पाच ते सात वर्षांनी बहुतेकांना नवी लागते. दात काढल्या दिवशीच जी कवळी बसवतात, ती तर काही महिन्यांतच सैल होणार हे ठरलेलं असतं. ते डॉक्टरांचं चुकलं म्हणून नव्हे. मोठं आजारपण आणि वजनातली घटही तोंडात दिसते. माणूस आठ-दहा किलोंनी वाळला की कवळी हलायला लागते, आणि कवळी हलते म्हणून खाणं आणखी कमी होतं.

निसटते कधी, यातच उत्तर असतं

आईच्या तीन ओळींकडे परत येते. पहिल्या ओळीचं, बोलताना उचलण्याचं, वर जिभेबरोबर आलंच.

जांभई देताना किंवा मोठा घास घेताना कवळी उडत असेल, तर कड कुठेतरी लांब आहे. गालाचे, ओठाचे स्नायू ताणले गेले की ते तिला ढकलतात. ओठ आणि हिरडी यांना जोडणारी बारीक दोरी असते, आरशात ओठ वर उचलून पाहिलीत तर दिसेल. कवळीच्या कडेला तिथे खाच नसली तर प्रत्येक हसण्याला कवळी ढिली होते. इथे योग्य जागी घासून देणं हा खरा उपाय आहे. पण फक्त इथे.

चावताना, विशेषतः एका बाजूने चावताना सुटत असेल, तर बहुतेक वेळा वरचे-खालचे दात एकमेकांवर सारखे टेकत नाहीत. एकीकडे आधी टेकले की दुसरी बाजू उचलते, लंगड्या पाटासारखी. आईची हीच गोष्ट होती. डावीकडे एक जागा दुखायची म्हणून चार वर्षं ती उजवीकडेच चावत राहिली. उजवीकडच्या दाढा घासून सपाट झाल्या. डॉक्टरांनी निळा कागद दातांमधे ठेवून तिला चावायला सांगितलं, तर उजवीकडे भरपूर ठसे आणि डावीकडे कोरं. असं असताना कितीही पावडर लावा, लंगडा पाट गोंदाने सरळ होत नाही.

डॉक्टरांनी बोटांनी आणखी दोन गोष्टी पाहिल्या. वरचे पुढचे दात हलकेच बाहेरच्या दिशेने दाबले. मागून कवळी खाली आली तर मागच्या कडेची पकड गेली. मग दोन्ही बाजूंच्या दाढांवर बोटं ठेवून आळीपाळीने दाबलं. कवळी सी-सॉसारखी डोलली तर कवळीखालचा बांध खचून मधे पोकळी झालेली आहे. हे घरी करून पाहण्यात धोका नाही, फक्त जोर लावू नका. आणि काय दिसलं ते लिहून ठेवा.

आता तिसरी ओळ, "संध्याकाळी दोन्ही". सकाळी बरी आणि दिवस उतरताना सैल, असं असेल तर मापापेक्षा लाळेवर संशय घ्यावा. ताटांमधलं पाणी सुकलं की ताटं सुटणारच. वय वाढलं की लाळ आटते असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा ती गोळ्यांनी आटते. ॲलर्जीच्या आणि सर्दीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, लघवी आवरत नाही म्हणून दिलेल्या गोळ्या, रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, या सगळ्यांनी तोंड कोरडं पडू शकतं. मधुमेह ताब्यात नसेल तरीही. डोक्याला किंवा मानेला रेडिएशन घेतलेल्यांना तर हा त्रास फार होतो.

आईच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांनी मागितली तेव्हा मला आश्चर्य वाटलं, कवळीसाठी गोळ्या कशाला! यादीत आदल्या वर्षी सुरू झालेली लघवीची गोळी होती आणि ॲलर्जीची एक, जी कधीच बंद व्हायला हवी होती पण कुणी बंद केली नव्हती. तिच्या नेहमीच्या फिजिशियननी एक थांबवली, एक बदलली. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका, रक्तदाबाची तर मुळीच नाही. शिवाय दिवसभर घोट घोट पाणी, आणि कवळी घालण्याआधी ती पाण्यात बुडवून ओली करणं. आई इतकी वर्षं ती पदराला पुसून, कोरडी करून घालत होती. स्वच्छतेच्या भावनेनेच.

शिंकताना, जोरात खोकताना खालची कवळी थोडी उचलते. तेवढं मात्र खरंच चालायचं.

सहन करत राहिलं तर

सैल कवळी नुसती गैरसोयीची नसते, ती हिरडीला रोज घासत असते. कडेने दाबून दाबून काही जणांच्या हिरडीला सुरकुत्यांसारख्या मांसल घड्या येतात. काहींच्या वरच्या जबड्याच्या पुढच्या भागातलं हाड जाऊन तिथे नुसतं मऊ, हलणारं मांस उरतं, आणि त्यावर कुठलीच कवळी नीट बसत नाही. दात झिजून, हाड बसून जबडा जास्त मिटायला लागला की नाक आणि हनुवटी जवळ येतात, ओठांच्या कोपऱ्यांत लाळ साचते आणि कोपरे चिरतात. आपण जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत राहतो. कधी ती कमतरता असतेही, पण कवळी घालणाऱ्याचे कोपरे सतत चिरत असतील तर आधी कवळी दाखवा.

कवळीखालचा टाळू लालभडक दिसणं हेही नेहमीचं. कँडिडा नावाच्या बुरशीचा त्यात मोठा हात असतो. बहुतेकांना ते दुखत नाही, म्हणून कळतही नाही. औषध टाळूला लावून भागत नाही. बुरशी कवळीच्या बारीक छिद्रांतही बसलेली असते, त्यामुळे उपचार दोघांवर करावे लागतात.

आणि एक गोष्ट मी ठळकपणे सांगते. कवळी लागून पडलेला व्रण, ती काढून ठेवली किंवा लागणारी जागा नीट केली, की साधारण आठ-दहा दिवसांत भरतो. दोन आठवडे झाले तरी व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ तशीच असेल तर "कवळी लागतेय" म्हणून घरी बसू नका. तपासून घ्या, सांगितलं तर तुकडा काढून तपासायला द्या. आपल्याकडच्या कितीतरी आज्या आयुष्यभर मशेरी लावत आल्या, आजोबांच्या खिशात तंबाखूची पुडी असते. त्यांच्या तोंडातल्या न भरणाऱ्या जखमेचं खापर कवळीवर फोडण्यात महिने जातात. तोंडाच्या कर्करोगात ते महिने फार महाग पडतात.

खाण्याचं तर बोलायलाच नको. पूर्ण कवळीवर चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या एक चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी असतो. कवळी सैल असेल तर माणूस आधी काकडी-गाजर सोडतो, मग उसळ, मग भाकरी, आणि शेवटी चहात बुडवलेलं बिस्कीट आणि मऊ भात यावर येतो. आईचं हेच झालं होतं. आम्ही समजत होतो तिची भूक कमी झाली.

पावडर आणि क्रीम

चिकटवायची पावडर वाईट नाही. चांगल्या बसणाऱ्या कवळीला ती थोडी जास्त पकड देते, लग्नकार्यात, कीर्तनाला, व्याख्यानाला धीर देते. वापर थोडा हवा. क्रीम असेल तर वाटाण्याएवढे दोन-तीन ठिपके, पावडर असेल तर ओल्या कवळीवर पातळ भुरभुर. क्रीम कडेने बाहेर ओघळत असेल तर जास्त झालं. रात्री ते कवळीवरून आणि हिरडीवरूनही पूर्ण काढायचं. काही क्रीममधे जस्त, म्हणजे झिंक असतं. ती वर्षानुवर्षं भरपूर वापरल्यामुळे शरीरातलं तांबं कमी होऊन नसांना इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. घेताना झिंक नसलेली बघून घ्या.

पूर्वी एकदा लावलं की दिवसभर पुरायचं आणि आता दिवसातून तीनदा लागतं, असं झालं असेल तर कवळीचं माप गेलं आहे. आई दोन महिन्यांत एक डबा संपवत होती. आम्ही निमूटपणे नवा आणत होतो.

कापूस, कापडाचा तुकडा, घरच्या घरी भरायचे मऊ थर, झटपट चिकटणारा गोंद, कानस, यातलं काहीही नको. तडकलेली कवळी गोंदाने जोडली की तुकडे किंचित तिरके बसतात, आणि मग लॅबलाही ती नीट जोडता येत नाही.

डॉक्टर काय करू शकतात

हिरडी सुजलेली, दबलेली असताना माप घेतलं तर ते सुजलेल्या हिरडीचं माप असतं. म्हणून चांगले डॉक्टर आधी हिरडीला विसावा देतात. एकदोन दिवस कवळी बाहेर ठेवायला सांगतात, किंवा जुन्या कवळीच्या आत टिश्यू कंडिशनर नावाचा मऊ थर घालतात, तो दर काही दिवसांनी बदलतात. आईला तीन आठवडे हेच केलं. मला तेव्हा वाटलं, उगाच फेऱ्या वाढवताहेत. पण तिच्या हिरडीची सूज उतरलेली मी डोळ्यांनी पाहिली.

दात चांगले आहेत, चावा बरोबर बसतो, फक्त आतली पोकळी वाढली, अशी स्थिती असेल तर रिलाइन करतात. कवळीच्या आत मापाचा मसाला भरून ती तोंडात बसवतात, आणि लॅबमधे तेवढा भाग नव्या ॲक्रिलिकने भरला जातो. एखादा दिवस कवळीशिवाय काढायची तयारी ठेवा. फार नाजूक, टोचऱ्या हिरडीसाठी आत मऊ अस्तरही लावतात, पण ते कायमचं नसतं, बदलावं लागतं. दात झिजलेले, चावा तिरका, जबडा जास्त मिटणारा किंवा कवळी जुनी असेल तर आतून भरून उपयोग नाही. चुकीचा चावा आणखी घट्ट बसवल्यासारखं होतं ते. तिथे नवी कवळीच हवी. आईला दोन्ही नव्या कराव्या लागल्या.

नवी करताना पाच-सहा फेऱ्या होतात. पहिलं माप, मग कडांचं बारीक माप, मग मेणाच्या ठोकळ्यांवर जबड्याची उंची आणि चावा ठरवणं. त्यानंतर मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघतात. ही फेरी महत्त्वाची, कारण मेणात बदल करता येतो, ॲक्रिलिकमधे नाही. ज्येष्ठांना इथे "छान आहे, छान आहे" म्हणून उठायची घाई असते. बोला. तरुणपणीचा हसरा फोटो न्या. साठपासून सत्तरपर्यंत मोठ्याने मोजा. साठ, एकसष्ट, बासष्ट यात इतके "स" आणि "ष" येतात की दात कुठे अडतात ते लगेच कळतं. आईला त्या दिवशी "सदुसष्ट" ला शिट्टी वाजली आणि पुढचे दोन दात किंचित मागे घेतले गेले.

इम्प्लांटबद्दल, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायच्या धातूच्या खुंट्यांबद्दल, थोडक्यात. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलं की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर टिचबटणासारखी बसणारी कवळी हा पहिला पर्याय असावा. सगळे दात इम्प्लांटवर बसवायची गरज नसते, दोनांनीही खालची कवळी बरीच स्थिर होते. खर्च जास्त, हाडात पक्कं बसायला काही महिने जातात, साखर ताब्यात हवी, तंबाखू सुटायला हवा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असतील तर ते डेंटिस्टना आधी सांगा, दात काढण्याआधीसुद्धा. आणि घरात कुणाचे शेवटचे दोन-चार दात उरले असतील, तर सगळे काढून टाकण्याआधी विचारा की सुळ्यांची मुळं ठेवता येतील का. मुळं राहिली तिथलं हाड टिकतं, आणि कवळी त्यांच्यावर टेकते.

कुठे जायचं, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. प्रोस्थोडॉन्टिस्ट म्हणजे कृत्रिम दातांचे तज्ज्ञ, कवळी अवघड असेल तर त्यांच्याकडे. पैशांची अडचण असेल तर डेंटल कॉलेज. नवी मुंबईत नेरूळला, सीबीडी बेलापूरला, खारघरला, कामोठ्याला अशी कॉलेजं आहेत. तिथे शिकणारी मुलं काम करतात, शिक्षक तपासतात, वेळ जास्त जातो आणि पैसे कमी लागतात. मला तो वेळ वरदानच वाटला, कारण तिथे कुणाला घाई नव्हती. गरीब ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारची २०१७ साली सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. तिच्या साहित्यात काठी, श्रवणयंत्र, चष्म्याबरोबर कवळीचाही समावेश आहे.

घरी रोज

रात्री कवळी काढायची. हिरडीला दिवसातून सहा-आठ तास मोकळेपणा हवाच. २०१५ साली जपानमधल्या अतिवृद्धांवरचा, सरासरी वय ८७च्या पुढे असलेल्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका दुपटीहून जास्त होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत हे घरच्यांनीच लक्षात ठेवायचं, त्यांच्या हातून ते होत नाही.

काढलेली कवळी साध्या पाण्यात ठेवायची, सुकू द्यायची नाही. उकळतं पाणी नको, तिचा आकार बिघडतो. टूथपेस्ट नको, तिने बारीक ओरखडे पडतात आणि त्यात बुरशी घर करते. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरतो. बेसिनमधे पाणी भरून किंवा खाली टॉवेल पसरून धुवा, मोरीच्या फरशीवर पडलेल्या कवळीचे दोन तुकडे होतात. हिरडी आणि जीभही बोटाला ओलं कापड गुंडाळून पुसा. कवळीच्या आत नाव घालून मिळतं का तेही विचारा. रुग्णालयात, वृद्धाश्रमात कवळ्या हरवतात आणि बदलतातसुद्धा.

खाणं नव्याने शिकावं लागतं, त्याला सहा-आठ आठवडे द्या. घास लहान, आणि अर्धा उजवीकडे अर्धा डावीकडे ठेवून दोन्हीकडे एकदम चावायचा. पुढच्या दातांनी पेरू, मक्याचं कणीस तोडायचं नाही, कापून खायचं. आईने सुरुवात मऊ थालीपिठाने केली, मग मुगाची उसळ, मग आमटीत कुस्करलेली भाकरी. ठाण्यात राहून मिसळ सोडावी लागली याचं तिला सर्वांत दुःख होतं. आता ती फरसाण रश्श्यात पाच मिनिटं भिजू देते आणि मग खाते. शेंगदाणे अजून जमत नाहीत. बहुतेक कूटच करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

आईच्या उशाशी आता एक छोटी वही असते. नव्या कवळीनंतर तिसऱ्या आठवड्यात तिने त्यात लिहिलं होतं: "मंगळवार, दुपारी. पोळी गिळताना खालची डावीकडून वर. बोलताना नाही. जांभईला नाही." शुक्रवारी नेरूळला त्या मुलीने वही वाचली, जिभेच्या बाजूची डावी कड बोटाने चाचपली, जरा घासली आणि आईला पाण्याचा घोट गिळायला दिला.

"आता?"

आईने दुसरा घोट घेतला, मग तिसरा, आणि वही पर्समधे ठेवली.